बॉस म्हणते, ‘गुरुवारी पुन्हा पोक करीन’

प्रश्न (पत्र थोडक्यात, ओळख पटेल असे तपशील काढले आहेत):

वय सत्तेचाळीस. राहणं कळव्याला, नोकरी महाप्याच्या एका क्लिअरिंग-फॉरवर्डिंग कंपनीत (आयात-निर्यातीचा माल कस्टम्समधून सोडवून पुढे पाठवणारी), डॉक्युमेंटेशनला. बावीस वर्षं शिपिंग बिल, बीएल (बिल ऑफ लेडिंग, जहाजावर चढवलेल्या मालाची पावती), इन्शुरन्सचे कागद यातच गेली. शिक्षण मराठी माध्यमातलं, पण कागदावरच्या इंग्रजीने कधी अडवलं नाही. वर्षभरापूर्वी कंपनी परदेशी मालकांकडे गेली आणि वर नवी मॅनेजर आली. वयाने पंधरा-सोळा वर्षांनी लहान, काही काळ इंग्लंडमध्ये काम केलेली, मराठी अजिबात येत नाही. तिच्या मेलमध्ये ‘जस्ट अ जेंटल नज’, ‘विल पोक यू अगेन ऑन थर्सडे’, ‘टेक अ स्टॅब ॲट इट’ असं सारखं येतं. डिक्शनरीत पाहिलं तर नज म्हणजे ढोसणे, पोक म्हणजे टोचणे, डिवचणे, आणि स्टॅब म्हणजे चक्क भोसकणे. एकदा न राहवून सगळ्यांना सीसीत ठेवून ‘प्लीज डोन्ट पोक मी’ असं उत्तर पाठवलं. पुढे ‘किक इट बॅक टू मी बाय इव्हनिंग’ असा मेल आला, त्यावर लिहिलं, ‘शुअर, विल गिव्ह यू किकबॅक बाय इव्हनिंग.’ तेव्हापासून ऑफिसच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘डोन्ट पोक मी’चं स्टिकर फिरतंय आणि चहाला गेलं की कुणीतरी ‘किकबॅक’ मागतं. “ताई, ही बाई माझा अपमान करते आहे का? एचआरकडे तक्रार करू? की ठाणे स्टेशनजवळच्या स्पोकन इंग्लिशच्या क्लासला जाऊ? की सरळ न्हावा शेव्याला डॉकवर बदली मागू, तिथे मेलचा जाच तरी नाही? घरी दहावीतली मुलगी माझं इंग्रजी सुधारत असते, तेही आता टोचायला लागलंय.”

उत्तर:

दादा,

तक्रार लिहून तयार असेल तर ती तूर्तास ड्राफ्टमध्येच राहू द्या. तुमचं पत्र वाचताना एक गोष्ट खटकली. राग सगळा मॅनेजरवर आहे, आणि दुखावलंय मात्र चहाच्या टेबलावरच्या मंडळींनी. ‘नज’ आणि ‘पोक’ घेऊन एचआरकडे गेलात तर चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायला निघाल्यासारखं होईल, आणि ती फाशीही होणार नाही. समोरचा माणूस मेल वाचेल, “सर, यात नक्की काय आहे?” असं विचारेल, आणि ग्रुपवर आणखी एक स्टिकर येईल.

तर आधी तिचे शब्द बघू, मंडळींकडे नंतर वळू.

नज म्हणजे कोपराने हलकेच ढोसणं, हे डिक्शनरीने तुम्हाला खरंच सांगितलं. पण ऑफिसात लोक हा शब्द मुद्दाम निवडतात, कारण ‘रिमाइंडर’ म्हटलं की वसुलीची नोटीस आल्यासारखं वाटतं. ‘जेंटल नज’ म्हणजे ‘गडबड नाही, पण तेवढं राहिलंय बरं का’. मुळात नज हळूच, त्याच्या आधी जेंटल, त्याच्याही आधी जस्ट. बाईने तुमच्या उंबऱ्यात यायच्या आधी तीन वेळा चपला काढल्यात. या शब्दाला अलीकडे बराच मानही मिळालाय. माणसावर जबरदस्ती न करता, त्याचे पर्याय खुले ठेवून त्याला हळूच एका बाजूला वळवायचं, याला अर्थशास्त्रात नज म्हणतात. ही कल्पना मांडणाऱ्यांपैकी रिचर्ड थेलर यांना २०१७ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, आणि आपल्या केंद्र सरकारच्या २०१८-१९ च्या आर्थिक पाहणी अहवालात त्यावर स्वतंत्र प्रकरण आहे. (महाप्याला जाता म्हणजे बहुधा कोपरखैरण्याला उतरत असाल, आणि कोपरखळी लागली म्हणून रुसता! हे लिहिल्याशिवाय राहवलं नाही. रागावू नका.)

पोकच्या बाबतीत मात्र मी पूर्णपणे तिच्या बाजूने नाही. फेसबुक नवं होतं तेव्हा त्यावर ‘पोक’चं बटण असायचं. दाबलं की समोरच्याला कळायचं, अमक्याने तुम्हाला पोक केलंय. अर्थ काय, तर ‘अरे, आहेस ना?’. तिच्या वयाची मुलं त्याच काळात मोठी झाली. ‘विल पोक यू अगेन ऑन थर्सडे’ म्हणजे ‘गुरुवारी पुन्हा विचारीन’, पण सलगीच्या सुरात. बरोबरीच्या माणसाला ते चालून जातं. वयाने मोठ्या आणि ओळख जेमतेम असलेल्या माणसाला असं लिहिणं इंग्रजीतही जरा मोकळंढाकळंच. तुम्हाला खटकलं ते अगदी हवेतलं नव्हतं. पण सलगी जास्त होणं वेगळं आणि अपमान करणं वेगळं.

इथे एक प्रश्न विचारते. उत्तर मला कळवू नका, स्वतःला द्या. हाच मेल पंचावन्न वर्षांच्या एखाद्या साहेबाने पाठवला असता, तर ‘साहेब मोकळ्या स्वभावाचे आहेत’ असं वाटलं असतं का? वाटलं असतं, तर टोचतंय ते पोकपेक्षा वेगळं काहीतरी आहे. बावीस वर्षं काम केल्यावर, कालच्या मुलीने काम कुठवर आलं हे विचारणं जड जातं. यात लाजण्यासारखं काही नाही. फक्त त्याचं बिल इंग्रजीच्या नावावर फाडू नका.

आता तुमची समजूत. शब्दाचा डिक्शनरीतला पहिला अर्थ तोच खरा, बाकीचे नंतर चिकटलेले, असं तुम्ही धरून चालला आहात. म्हणून स्टॅब दिसला की तुम्हाला सुरी दिसते. पण तुम्ही स्वतः कामात असं कधीच वाचत नाही.

गाडीचे सुटे भाग पेट्यांमधून येतात, इथे जोडायचे असतात, तेव्हा कागदावर सीकेडी लिहिलेलं असतं. कम्प्लीटली नॉक्ड डाउन. नॉक डाउन म्हणजे ठोसा मारून आडवं करणं. त्या गाडीला कुणी बुकलून काढलंय असं तुमच्या मनात कधी आलं का? मरीन पॉलिसीत, म्हणजे मालाच्या विम्यात, एसआरसीसी असतं: स्ट्राइक्स, रायट्स, सिव्हिल कमोशन्स. त्यातला स्ट्राइक म्हणजे संप, तो कुणाला मारत नाही. माल कंटेनरमध्ये हलू नये म्हणून लॅशिंग करतात, आणि शाळेतल्या डिक्शनरीत लॅश म्हणजे चाबकाचा फटका. ड्यूटी ड्रॉबॅकचं, म्हणजे निर्यातीनंतर परत मिळणाऱ्या शुल्काचं, तर काय सांगावं! एरवी ड्रॉबॅक म्हणजे खोट, उणीव. पण निर्यातदार मात्र ती खोट खात्यात कधी जमा होते म्हणून तुमच्यामागे लागलेले असतात. हे शब्द तुम्ही डिक्शनरीतून शिकला नाहीत. कागदावर पाहून, सीनियरला विचारून, पुन्हा पुन्हा टाइप करून ते अंगवळणी पडले. मॅनेजरचे शब्द अजून तसे हाताखालून गेलेले नाहीत, इतकंच.

स्ट्राइकची कथा तुमच्या धंद्याच्या जवळची आहे. १७६८ मध्ये लंडनच्या बंदरात खलाशांनी मजुरीच्या वादात व्यापारी जहाजांची शिडं उतरवून ठेवली. शीड खाली घेण्याला खलाशांच्या भाषेत स्ट्राइक म्हणत. शीड खाली, जहाज जागच्या जागी, माल जागच्या जागी. संपाला स्ट्राइक म्हणायची सुरुवात तिथून झाली असं मानतात. म्हणजे १९८२ चा गिरणी संप इंग्रजी वर्तमानपत्रांत ज्या शब्दाने छापून येत होता, त्या शब्दात मुळात कुणावर हात उगारलेला नाही. पुढे खेळांनी आणखी घोळ घातला. बेसबॉलमध्ये फटका मारायला गेलं आणि चेंडू हुकला तर तो स्ट्राइक, असे तीन झाले की आउट. टेनपिन बोलिंगमध्ये पहिल्याच चेंडूत दहाही पिना आडव्या झाल्या तर स्ट्राइक, आणि टाळ्या. क्रिकेटमध्ये जो नुसता चेंडूची वाट बघत उभा आहे तो ऑन स्ट्राइक. बॅटरचा स्ट्राइक रेट म्हणजे शंभर चेंडूंमागे किती धावा, तो जितका जास्त तितका चांगला. बोलरचा स्ट्राइक रेट म्हणजे एका विकेटमागे किती चेंडू, तो जितका कमी तितका चांगला. दादोजी कोंडदेव स्टेडियमबाहेर कटिंग पिणारा कुठलाही पोरगा हे न अडखळता बोलतो, आणि त्यातल्या कितीतरी जणांना ‘स्ट्राइक अ बॅलन्स’ म्हणजे सुवर्णमध्य साधणं हे सांगता येणार नाही. मग ते इंग्रजीत कच्चे का? नाहीत. ते शब्द त्यांच्या कामाचे नाहीत.

ओळखायचं कसं, ते सांगते. मारण्या-ढोसण्याच्या या शब्दांचा अर्थ त्यांच्या मागून येणाऱ्या चिमुकल्या शब्दावर फिरतो. ‘कॅन वी नॉक समथिंग ऑफ द डिटेन्शन चार्जेस’ म्हणजे कंटेनर उशिरा परत केल्याची रक्कम थोडी कमी होईल का. ‘नॉक ऑफ ॲट सिक्स’ म्हणजे सहाला काम आटोपणं. हेच जोडून लिहिलेलं नॉकऑफ म्हणजे नकली माल, आणि कस्टम्सच्या कागदात तो शब्द चुकून पडला तर काय होतं हे तुम्ही मला सांगाल. ‘नॉक अप’ मात्र लिहूच नका. ब्रिटनमध्ये कारखान्यांच्या काळात पहाटे कामगारांच्या खिडकीवर लांब काठीने टकटक करून त्यांना उठवणारी माणसं असायची, त्यांना नॉकर-अप म्हणत. अमेरिकन बोलण्यात मात्र ‘नॉक अप’चा अर्थ एखादीला गरोदर करणं असा होतो.

हिट त्याहून नाजूक आहे. ‘हिट मी अप’ म्हणजे मला मेसेज कर. ‘हिट इट ऑफ’ म्हणजे पहिल्याच भेटीत सूर जुळणं. आणि ‘हिट ऑन’ म्हणजे लाइन मारणं. ‘अप’च्या जागी ‘ऑन’ टाकून बाई मॅनेजरला मेल गेला, तर एचआरकडे तुम्हाला जावं लागणार नाही, तेच तुम्हाला बोलावतील. म्हणून तुम्हाला आणि तुमच्यासारख्या सगळ्यांना माझं आग्रहाचं सांगणं: हे शब्द वाचून कळावेत एवढीच तयारी करा. ते स्वतः लिहायची काहीही गरज नाही. वाचायचं इंग्रजी आणि लिहायचं इंग्रजी सारखंच भारी असलं पाहिजे, हा हट्ट सोडा. ‘आय विल सेंड इट बाय फाइव्ह’ या वाक्याला आजवर कुणी हसलेलं नाही. किकबॅकच्या वेळी तुम्ही घसरलात ते तिच्या भाषेत उत्तर द्यायला गेलात म्हणून.

‘टेक अ स्टॅब ॲट इट’ तर तुमच्या फायद्याचं आहे. त्याचा अर्थ ‘करून बघा, पहिल्या फेरीत चुकलं तरी चालेल’. आणि तुम्ही बहुतेक शेवटच्या स्वल्पविरामापर्यंत तपासून, आठची गाडी चुकवून पक्का ड्राफ्ट देत असाल. कच्चा पाठवा. ‘बीट द कट-ऑफ’ म्हणजे कट-ऑफच्या, ठरलेल्या शेवटच्या वेळेच्या, आधी कागद पोचवणं. ‘बीट्स मी’ म्हणजे मला पत्ता नाही बुवा. क्लायंटकडून ‘पुशबॅक’ आला म्हणजे त्याला मान्य नाही. ‘पुश द मीटिंग टु फ्रायडे’ म्हणजे मीटिंग पुढे ढकलली, तिथे तर मराठीनेही ढकललंच. आणि आयटीवाले ‘प्रॉड डाउन आहे’ म्हणून धावत सुटतात तेव्हा, प्रॉड म्हणजे ढोसणं असलं तरी, कुणी कुणाला ढोसलेलं नसतं. प्रॉडक्शनचा सर्व्हर बंद पडलेला असतो, त्यांना धावू द्या.

सगळेच शब्द निरुपद्रवी आहेत असं मात्र नाही. ‘टेक अ डिग ॲट समवन’, ‘टेक अ जॅब ॲट समवन’ हे खरेखुरे टोमणे आहेत. जॅब म्हणजे बॉक्सिंगमधला झटपट ठोसा, आणि ब्रिटनमध्ये लशीलाही जॅब म्हणतात. आपल्याकडे १६ जानेवारी २०२१ ला कोविडचं लसीकरण सुरू झालं, तेव्हा इथल्या इंग्रजी पेपरांच्या मथळ्यांतही हाच शब्द होता. आपणही लस टोचतोच आणि टोचूनही बोलतो, त्यामुळे हा तुम्हाला जड जाऊ नये. फरक ओळखायला एक युक्ती आहे. ‘ॲट’, ‘इन’ किंवा ‘ऑन’नंतर काय आलंय ते बघा. ‘स्टॅब ॲट द ड्राफ्ट’, म्हणजे फटका ड्राफ्टला. ‘पोक होल्स इन द प्लॅन’, म्हणजे भोकं प्लॅनला. पण ‘पोक फन ॲट हिम’, ‘जॅब ॲट हिम’, ‘हिट ऑन हर’ इथे माणूस आला. तिथे थांबून पुन्हा वाचा. व्याकरणाच्या पुस्तकात हा नियम सापडणार नाही, पण या शब्दांपुरता बऱ्यापैकी चालतो. तुम्ही पाठवलेल्या तिच्या चारही वाक्यांना लावून बघा. एकही सापडत नाही. आतापर्यंत तुम्ही साप साप म्हणून भुई धोपटत होता.

किकबॅकचं आजच निस्तरा. बाकी सगळ्याला वेळ आहे, याला नाही. ‘किक इट बॅक’ म्हणजे परत पाठवा. ‘किकबॅक’ म्हणजे काम मिळवून दिल्याबद्दल टेबलाखालून दिलेलं कमिशन, सरळ बोलायचं तर लाच. मधलं ‘इट’ गळलं, दोन शब्द चिकटले, आणि कागदाच्या जागी पैसे आले. कस्टम्सशी रोजचा संबंध असलेल्या कंपनीच्या सर्व्हरवर, तुमच्या नावाने, ‘तुम्हाला किकबॅक देईन’ असं वाक्य पडून राहणं बरं नाही. चहाला हसणारे विसरतील, मेल विसरत नाही. ऑडिटमध्ये कुणी हा शब्द टाकून शोध घेतला तर तुमचा मेल वर येईल, आणि तेव्हा समोर बसलेल्याला मागचा विनोद माहीत नसेल. त्याच मेलला रिप्लाय करून लिहा: ‘करेक्शन: आय मेंट आय वुड सेंड द ड्राफ्ट बॅक बाय इव्हनिंग, विच आय डिड.’ सीसीत जेवढे आधी होते तेवढेच ठेवा. माफी नको, कारण नको, स्वतःच्या इंग्रजीबद्दल चकार शब्द नको. कुठल्याही ऑफिसात कुणाच्याही हातून भलताच शब्द गेला तर हेच करायचं: त्याच धाग्यात, एका ओळीत दुरुस्ती.

मॅनेजरशी मात्र समोरासमोर बोला. तुमच्या मेलांनी आधीच पुरेसा घोटाळा केलाय. हिंदीत बोला, इंग्रजीत बोला, दोन्ही मिसळून बोला. सांगायच्या गोष्टी दोनच आहेत. एक, आठवण करताना कुठला कागद आणि किती वाजेपर्यंत हे लिहिलंत तर मला सोपं जाईल. दोन, पोक हा शब्द मला बरा वाटत नाही, आमच्याकडे तो डिवचल्यासारखा लागतो. दुसरी गोष्ट सांगायला कचरू नका. तिला तुमचं ‘डोन्ट पोक मी’ वाचून बसलं असेल ते एवढंच, की हा माणूस सगळ्यांसमोर आपल्यावर चिडला. का चिडला हे तिला आजही माहीत नसावं. तुमच्या पत्रात तिने काय लिहिलं ते सगळं आहे, पण सीसीतलं ते उत्तर तिला कसं लागलं असेल, त्याची एक ओळ नाही. तेवढा विचार करून जा.

आणि तिची बाजू समजून घ्यायची तर असं करा. तिने उद्या मराठी शिकायला घेतली आणि दिवसभर तुमच्या खोलीत बसली, असं धरा. ‘याची झेरॉक्स मार.’ ‘शिक्का मारलास का?’ ‘कंटेनर यार्डाला एक चक्कर मार.’ ‘त्याने आज दांडी मारली.’ ‘एजंटला फोन मार.’ संध्याकाळी कुणीतरी म्हणेल, ‘शनिवारी जास्त ढोसली रे.’ ती डिक्शनरी उघडेल आणि तिला तिथे कोपर सापडेल.

आता ती चहाची मंडळी. खरं दुखणं हे आहे. ग्रुपवर उत्तर देऊ नका, ग्रुप सोडूही नका. दोन्हीत मजा त्यांनाच येईल. हसणारे दहा असले तरी स्टिकर करणारा एकच असतो, बाकीचे अंगठे दाखवतात. त्याला एकट्याला गाठा. शेअर रिक्षात नको, तिथे गर्दी असते. लंचनंतर खाली उतरतो तेव्हा. “झालं तेवढं बस झालं, आता थांबव,” एवढंच, आवाज न चढवता. आलं नसेल तर ‘मलाही हसू आलं होतं’ वगैरे म्हणू नका. त्याच्यापर्यंत तुमचं बोलणं पोचणार नाही असं वाटत असेल, तर ज्याचं तो ऐकतो अशा जुन्या माणसाला मध्ये घाला. सोनारानेच कान टोचावेत, म्हणतात ते यासाठीच. बावीस वर्षं तिथे काढली आहेत, असा एक तरी सोनार तुमच्या ओळखीचा असेल.

एवढं करूनही थांबलं नाही, तर मग एचआर, आणि तेव्हा बिनधास्त. त्या अर्जात मॅनेजर नको आणि कुठल्याही शब्दाचा अर्थ नको. अमुक तारखेपासून, अमुक ग्रुपवर, थांबवायला सांगूनही चालू आहे, स्क्रीनशॉट सोबत जोडले आहेत. वागण्याची तक्रार टिकते, शब्दाची टिकत नाही.

क्लासबद्दल: स्टेशनबाहेरच्या क्लासना मी नावं ठेवत नाही, इंटरव्ह्यूला घाबरणाऱ्या मुलांना ते उपयोगी पडतात. पण तिथे सुरुवात ‘इंट्रोड्यूस युवरसेल्फ’पासून होते, आणि तुमची अडचण ती नाहीच. जायचंच असेल तर फी भरण्याआधी एक दिवस बसून बघा आणि विचारा, मी आणलेले मेल इथे वाचून घ्याल का? ‘हो’ म्हणाले तर विचार करा. ‘आमचं पुस्तक ठरलेलं आहे’ म्हणाले तर नमस्कार करून बाहेर पडा.

माझ्या मते एक वही पुरेल. शब्द लिहू नका, तिचं अख्खं वाक्य लिहा, आणि समोर अर्थ न लिहिता तिला काय हवं होतं ते लिहा. ‘जस्ट अ जेंटल नज’च्या समोर ‘ढोसणे’ नको. ‘बीएलचा ड्राफ्ट मागत होती’ असं. महिन्याभरात तीच ती वाक्यं परत येताना दिसतील, कारण ऑफिसातली माणसं फार थोड्या वाक्यांवर दिवस काढतात. अडलं तर इंग्रजी-मराठी डिक्शनरी बाजूला ठेवा आणि परभाषकांसाठी केलेली लर्नर्स डिक्शनरी उघडा. ए. एस. हॉर्नबी जपानमध्ये इंग्रजी शिकवायचे. तिथल्या विद्यार्थ्यांची अडचण तुमचीच होती: सुटा शब्द कळतो, वाक्य कळत नाही. त्यांनी अशी डिक्शनरी केली. ती १९४२ मध्ये टोकियोत निघाली आणि १९४८ मध्ये ऑक्सफर्डने काढली. ऑक्सफर्ड, केंब्रिज, लाँगमन यांच्या अशा डिक्शनऱ्या आता मोबाइलवर फुकट मिळतात. ‘किक’ शोधलंत तर खाली इडियम्स आणि फ्रेझल व्हर्ब्ज असे वेगळे भाग दिसतात. तुमचं उत्तर बहुतेक तिथेच असेल. भाषांतराचं ॲप वापरत असाल तर एकटा शब्द टाकू नका, पूर्ण परिच्छेद टाका. मात्र क्लायंटचं नाव, बीएल नंबर आणि रकमा आधी काढा.

मुलीचं म्हणाल, तर ती तुमच्या चुका काढते कारण सध्या तुमच्या इंग्रजीतलं तिला तेवढंच दिसतं. तिला सीकेडी आणि एसआरसीसी सांगा. ड्रॉबॅक म्हणजे पैसे परत मिळणं, हे तिच्या टीचरलाही माहीत नसेल. बदल्यात तिला विचारा, गाणं ‘स्लॅप्स’ म्हणजे काय. ती सांगेल, भारी आहे. थप्पड तिथेही कुणाला बसत नाही.

राहिली बदली. डॉकवर मेल नाहीत असं तुम्हाला वाटतं, पण हल्ली तिथल्या माणसाच्या हातातही दिवसभर फोन असतो आणि जहाजाचे मेसेज त्यावरच येतात. शिवाय सध्या तुम्ही ठाण्याला एकदा गाडी बदलता. तिथे जायचं तर ठाण्याहून नेरूळ, नेरूळहून उरणची गाडी, आणि स्टेशनवरून पुढे आणखी काहीतरी. मोकळ्या हवेत काम करायला खरंच आवडत असेल तर जरूर मागा, पण स्टिकर थांबल्यावर मागा, म्हणजे कशामुळे मागताय ते तुमचं तुम्हाला कळेल. आणि अर्ज केलात तर कारण म्हणून कामाचा अनुभव लिहा, इंग्रजीचा उल्लेखही करू नका. सर्व्हिस फाइलमध्ये ते एकदा गेलं की पुढच्या इन्क्रिमेंटच्या वेळी कुणीतरी काढून दाखवतंच.